पूजलेलं मशीन

केडगावात माझं फोटोफ्रेमचं छोटं दुकान आहे. देवांच्या, लग्नाच्या फ्रेमा असतातच, पण खरी घाईची गिऱ्हाइकं दहाव्याची. गेलेल्या माणसाचा फोटो दहाव्याला हवाच असतो, तिथं ‘परवा या’ म्हणता येत नाही. फ्रेमचा सगळा जीव कोपऱ्यात. दोन पट्ट्या तिरक्या कापायच्या, जुळवून उजेडापुढं धरायच्या. फटीतून उजेड दिसला की काम वाया. जन्मभर मी ते हातकरवतीनं जमवलं. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, पाठोपाठ बोटं बधिर झाली. करवत थरथरायची, पट्टीचे टवके उडायचे. डॉक्टर म्हणाले, “हाताला आराम द्या.” आराम दिला तर खायचं काय, ते त्यांना विचारायचं राहून गेलं.

शेवटची आशा मायटर मशीनची. पट्टी ठेवायची, दांडा खाली दाबायचा, तिरका काप तयार. चांगल्या मशीनची ऐपत नव्हती. नगरच्या एका दुकानात स्वस्तातलं होतं. ते बघायला इतक्या खेपा घातल्या की दुकानदार मला लांबून बघूनच तोंड वाकडं करायचा. दांडा किंचित डुगडुगत होता. मला ते दिसत होतं, आणि दिसत असूनही मी स्वतःला समजावत होतो की नवं आहे, वापरून बसेल. दुसरं काय करणार होतो?

“एवढी शंका हाय तर घरी कापून बघा की,” दुकानदार शेवटी वैतागला. “न्हाई पटलं तर आना परत.”

मशीन आणलं ते नेमकं दसऱ्याला. इथंच माती खाल्ली. बायकोनं ते करवतीशेजारी मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. त्या दिवशी हत्यार पूजायचं, चालवायचं नाही. त्यामुळे कापून बघणं दुसऱ्या दिवसावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक मुलगी वडिलांचा फोटो देऊन गेली. दहावा उद्या होता. मी पट्ट्या कापल्या, जुळवल्या, उजेडापुढं धरल्या. फटीतून रस्त्यावरचा टेम्पो दिसेल की काय असं वाटलं! स्क्रू आवळले, पुन्हा कापलं. पातं दर वेळी वेगळंच तिरकं उतरत होतं. पट्टी संपत आली तसा मी दांडा सोडला.

“परत देऊन येतो,” मी बायकोला म्हणालो.

“दसऱ्याला पुजलेली वस्तू परत देत्यात व्हय?”

मी तिच्यावर खेकसलो. पण ती माळ काढायला माझाही हात धजत नव्हता.

“फट भुशानं बुजवा,” ती हळूच म्हणाली. “वर हार येतोय, झाकंल.”

“आणि खालचे कोपरे?”

मी खाली बसलो. आता दुकान बंद करायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं. बंद करून पुढं काय, ते सुचत नव्हतं. तेवढ्यात तिनं जुनी करवत उचलली. दर दसऱ्याला तिनंच त्या करवतीला कुंकू लावलं होतं, चालवली मात्र कधी नव्हती.

“तुमी धरा, मी वढते.”

करवतीसाठी तिरक्या खाचा पाडलेल्या लाकडी साच्यात मी डाव्या हातानं पट्टी दाबून धरली. ती ओठ चावत सावकाश कापत गेली. आधी एक टाकाऊ पट्टी बिघडवली, मग उरलेल्या चांगल्या पट्ट्या घेतल्या. कोपरा जुळवून मी उजेडापुढं धरला. उजेड दिसला नाही.

“जमलं का?”

“जमलं,” म्हणालो आणि मला रडू कोसळलं. कोपरा जुळला होता, पण तो माझ्या हातचा नव्हता.

संध्याकाळी मुलगी आली. कोपऱ्यावरून बोट फिरवत म्हणाली, “काका, काय सफाई आहे तुमच्या हाताला!” मी बायकोकडं बघितलं. फ्रेम जड होती, उजव्या हातात पेलली नसती, आणि डाव्या हातानं कुणाला काही देऊ नये. म्हणून ती बायकोनंच तिच्या हाती दिली.