कुठल्या खोलीतला टी-मार्स

टी-मार्सच्या शाळेत फुटबॉल, म्हणजे चेंडू हातानं खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल, खेळण्याजोगी पोरं चौदा होती आणि त्यातली दोन-तीन नेहमी लंगडत असायची. त्यामुळे शुक्रवारच्या सामन्यात टी-मार्स चेंडू फेकायचा, झेलायचा, काखेत मारून पळायचा आणि समोरच्यांच्या हातात चेंडू गेला की त्यांना आडवंही पाडायचा. मध्यंतरात बाकीची पोरं गवतावर पसरली की हा हेल्मेट काढून, त्याच चिखलाच्या कपड्यांत, बँडच्या रांगेत उभा राहून क्लॅरिनेट वाजवायचा. बँडलाही माणसं कमीच होती.

खरं नाव मार्सेल व्हिड्रीन. बापाचंही तेच, म्हणून हा टी-मार्स. आमच्या दक्षिण लुईझियानात धाकट्याच्या नावाला टी लागतो. घर भातखाचरांच्या मधोमध. भाताचा हंगाम संपला की त्याच पाण्यात क्रॉफिशचे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचे, पिंजरे लावायचे. बाप होडीतून पिंजरे उचलायचा आणि टी-मार्स आमिषाची बादली घेऊन बांधावरून त्याच्या पुढे पळायचा. बांध जेमतेम पावलाएवढा, दोन्हीकडे पाणी. तिथे घसरलं की भिजायचं आणि वर बापाचं हसणं ऐकायचं. नंतर मी त्याला मैदानावर वळताना पाहिलं तेव्हा वाटलं, ह्याचे पाय आधी ठरवतात आणि खांद्यांना मागाहून कळतं.

मी तेव्हा सेंट ओडील कॉलेजात एम.ए. करत होते आणि संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना निबंध लिहायला शिकवत होते. पहिल्याच संध्याकाळी हा पोरगा अभ्यासिकेच्या दारात वही छातीशी धरून उभा राहिला. मी विचारलं, कुठे बसणार?

"तेच विचारायला आलोय, मॅम."

प्रश्न वाटतो तेवढा साधा नव्हता. आमच्या कॉलेजात फुटबॉलचा संघ म्हणजे खोल्या. चेंडू घेऊन पळणाऱ्यांची एक खोली, झेलणाऱ्यांची दुसरी, फेकणाऱ्यांची तिसरी, पुढच्या फळीतल्या दांडग्यांची सगळ्यात मोठी. प्रत्येक खोलीला आपला कोच, आपल्या खुर्च्या, आपले विनोद. खाणावळीत सोमवारचा राजमा-भातसुद्धा खोलीखोलीनं खाल्ला जायचा, बसमध्ये जागा तशाच, आणि माझ्या अभ्यासिकेतली टेबलंही पोरांनी आपसूक तशीच वाटून घेतली होती. नव्या मुलाला नाव विचारायच्या आधी खोली विचारत. टी-मार्सला खोली नव्हती.

म्हणजे दोन होत्या, आणि तीच अडचण होती. पळणाऱ्यांचे कोच बर्डेट हे तीस वर्षं तिथे रुजलेले, जाड मानेचे गृहस्थ. खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांनी टी-मार्सला पाहून सांगितलं की ह्याला कपड्यांसकट भिजवून तोललं तरी माझ्या पोरांच्या निम्मा भरेल, तेव्हा हा झेलणाऱ्यांचा. झेलणाऱ्यांचे कोच स्टेली तरुण, कडक इस्त्रीचे, हातवाऱ्यांनी बोलणारे. त्यांचं म्हणणं असं की हात चांगले आहेत, पण हा झेलणाऱ्यासारखा आखलेल्या रेषेवर पळत नाही, कोणीतरी मागे लागल्यासारखा पळतो. तेव्हा हा बर्डेटचा. मग ठरलं की सोमवार-बुधवार इकडे, मंगळवार-गुरुवार तिकडे. दोन्हीकडे त्याला भिंतीलगतची खुर्ची मिळाली.

सरावात तर त्याला स्वतःच्या नंबरची जर्सीही नसायची. येत्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ असेल त्यांच्या सगळ्यात चपळ खेळाडूचं सोंग एका नवख्यानं घ्यायचं, म्हणजे आपल्या बचाववाल्यांना सवय होते, अशी रीत आहे. ते काम टी-मार्सकडे आलं आणि त्यानं ते मनापासून केलं. त्या खेळाडूचं पळणं तर उचलायचाच, वर त्याची पँट ओढायची लकब, पंचांशी वाद घालताना मान वाकडी करणं, हेही. दर आठवड्याला नवा माणूस. पोरं त्याला 'भाड्याचा' म्हणायला लागली. तो हसायचा. एकदा निबंधाचा विषय 'मी' असा होता, तेव्हा मात्र त्यानं कोरा कागद पुढे सरकवून विचारलं, ह्या आठवड्यातला का?

दर रविवारी चर्चहून आल्यावर त्याची आई, मिस अर्लीन, फोन करायची. ती शाळेची बस चालवायची. गावातल्या प्रत्येक घराच्या दारात दिवसातून दोनदा थांबणारी बाई, म्हणून प्रत्येक घर तिला विचारायचं, टी-मार्स तिकडे काय खेळतो? ती तो प्रश्न जसाच्या तसा त्याच्याकडे पोचवायची. तो म्हणायचा, अजून ठरतंय. आई म्हणायची, बरं, मी सांगते ठरतंय म्हणून. पण पेट्रोलपंपावरचे मिस्टर युलिस म्हणतात की एवढ्या वेळात तर भात उगवून येतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुख्य कोच ट्रेगर यांनी त्याला बोलावलं. ट्रेगर फार बोलत नसत. सूर्यफुलाच्या बिया चघळत आणि टरफलं कागदी पेल्यात टाकत. तशाच दोन टरफलांच्या मध्ये त्यांनी सांगितलं की होमकमिंगपर्यंत एक खोली निवड. होमकमिंग म्हणजे जुने विद्यार्थी परत येतात तो शनिवार, दोनच आठवड्यांवर होता. निवडली नाहीस तर हे वर्ष बाकावर.

"दोन ठिकाणी अर्धा असलेला पोरगा मला एका ठिकाणी पूर्ण कधी मिळणार?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं आणखी अवघड झालं.

त्या आठवड्यात तो अभ्यासिकेत लवकर येऊन बसायचा आणि काही लिहायचा नाही. पळणं सोडलं तर बांध सुटल्यासारखं वाटेल, म्हणाला. आणि झेलणं सोडलं तर चेंडू हवेत असताना जी शांतता असते ती जाईल. मी विचारलं, मग? तो म्हणाला, एका खोलीत नीट खुर्ची मिळत असेल तर माणूस अर्धं सोडतोच, मॅम. त्यानं बर्डेटची खोली निवडायचं जवळजवळ ठरवलं होतं. तिथे निदान पेपरमिंट मिळायचं.

होमकमिंगच्या आदल्या शनिवारी फेअरचाइल्ड कॉलेज आमच्या मैदानावर आलं. त्यांच्यातली बचावाची पोरं दोन प्रकारची होती: पळणाऱ्यांना अडवायला जाडजूड, झेलणाऱ्यांच्या मागे लागायला चपळ. वरच्या काचेच्या खोलीत त्यांचा एक माणूस दुर्बीण लावून बसला होता. आमच्याकडून मैदानात कोण उतरतंय ते मोजायचं आणि खाली कळवायचं, एवढंच त्याचं काम. पळणारे दोन उतरले की जाडे पाठवा, एकच उतरला आणि बाकी झेलणारे असले की चपळ. असंच सगळे करतात.

आमच्याकडचा हिशेबही असाच चालायचा. बर्डेट आपली पोरं पाठवत, स्टेली आपली. फळीतले पाच दांडगे आणि चेंडू फेकणारा डॉसन कायम आत. बेरीज अकरा व्हायला हवी.

शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि आम्ही चार गुणांनी मागे होतो. टी-मार्सला तोवर दोन-तीनदा आत पाठवून परत बोलावलं होतं. आता ट्रेगरनी ओरडून सांगितलं, दोन पळणारे, तीन झेलणारे. बर्डेटनी टी-मार्सला आपला धरला आणि आणखी एकच पोरगा पाठवला. स्टेलींनी टी-मार्सला आपला धरला आणि आणखी दोनच पाठवले. कोणीही चुकलं नव्हतं. मैदानात दहा जण उभे होते.

मी पायऱ्यांवर बसले होते. मला ते दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही, कारण कमी असलेला माणूस दिसत नाही.

टी-मार्स पळणाऱ्याच्या जागी, डॉसनच्या मागे उभा होता. त्याला शाळेपासूनची एक सवय होती. दर खेळीआधी तो आपली माणसं मोजायचा, कारण त्यांच्यातला कोणीतरी पोटरीत गोळा येऊन बाकावर गेलेला असायचाच आणि ते कोणी सांगायचं नाही. त्यानं मोजलं. दहा. मग कुठे भोक आहे ते बघितलं. उजव्या कडेची झेलणाऱ्याची जागा रिकामी होती, अगदी आमच्या बाकांसमोर. बर्डेट आणि स्टेली त्या रिकाम्या जागेच्या दोन बाजूंना उभे राहून आपापल्या पोरांना हातवारे करत होते.

शाळेत असं झालं की जो मोकळा असेल त्यानं जायचं. टी-मार्स चालत तिकडे गेला, रेषेजवळ उभा राहिला आणि डॉसनला दिसेल इतकाच हात उचलला.

त्याला मूळ जागी पाहून वरच्या दुर्बीणवाल्यानं दोन पळणारे कळवले होते आणि त्यांचे जाडे आत आले होते. आता त्यांच्यातला एक जाडा, बिचारा, टी-मार्सच्या समोर येऊन उभा राहिला आणि मदतीसाठी इकडेतिकडे बघू लागला. डॉसनला पळणाऱ्याच्या हातात चेंडू द्यायचा होता. त्यानं तो जाडा पाहिला, टी-मार्सला पाहिलं, आणि बेत बदलला.

चेंडू हवेत होता तेव्हा पायऱ्यांवर खरंच शांतता झाली. टी-मार्सनं तो झेलला तो झेलणाऱ्यासारखा, आणि मग पळाला तो कोणीतरी मागे लागल्यासारखा. मधे एक चपळ पोरगा आडवा आला. टी-मार्स बांधाच्या कोपऱ्यावर वळतात तसा वळला आणि त्या पोराच्या हातात नुसती हवा राहिली. पुढे शेवटच्या रेषेपर्यंत कोणी नव्हतं; ती ओलांडल्याचे सहा गुण मिळाले आणि आम्ही पुढे गेलो. बँडवाल्यांनी सूर न जुळवताच वाजवायला सुरुवात केली.

परत आला तेव्हा बर्डेटनी त्याला डाव्या खांद्याला धरलं आणि स्टेलींनी उजव्या.

"माझा पोरगा आहे हा," बर्डेट म्हणाले.

"झेलला कोणी मग? तुमच्या पेपरमिंटनं?" स्टेली म्हणाले.

महिनाभर एकमेकांच्या दारात नेऊन ठेवलेल्या त्या पोराला दोघं दोन बाजूंनी ओढत होते, आणि तो मधे हेल्मेट सरळ करत होता.

पुढचं मला बर्डेटनीच सांगितलं, सोमवारी खाणावळीच्या रांगेत, ताटली हातात घेऊन. रविवारी दुपारी सगळे सामन्याचं चित्रीकरण बघायला बसले. ती खेळी आली तशा शिट्ट्या वाजल्या. ट्रेगरनी चित्र थांबवलं, चेंडू सुटायच्या आधीच्या क्षणावर नेलं आणि बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं. मग बर्डेटकडे बघितलं, मग स्टेलींकडे. शिट्ट्या थांबल्या. ट्रेगरनी एक टरफल पेल्यात टाकलं.

ट्रेगरनी टी-मार्सला उभं केलं आणि विचारलं, तू त्या जागेवर कोणाच्या सांगण्यावरून गेलास? तो म्हणाला, कोणाच्या नाही. ती रिकामी होती. ट्रेगर म्हणाले, ठीक. आणि खोलीचं काय? होमकमिंग शनिवारी आहे.

टी-मार्स बर्डेटचं नाव घ्यायचं ठरवून आला होता. त्यानं पडद्याकडे बघितलं. तिथे तो स्वतः होता, मागच्या जागेवरून कडेच्या जागेकडे निघालेला, मधेच थांबवलेला, एक पाय उचललेला.

"सर, तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "इथे मी कुठल्या खोलीतला आहे?"

बर्डेट म्हणाले, त्या प्रश्नावर त्यांनी आणि स्टेलींनी एकदमच तोंड उघडलं आणि एकदमच मिटलं. आधी दांडग्यांच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी खोली. ट्रेगरही हसले, त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे त्यांनी पेला खाली ठेवला.

"रोज ह्याच्याबरोबर जेवणाऱ्या माझ्या दोन कोचना हा मोजता येत नाही," ते म्हणाले. "दुर्बीण लावून बसलेल्याला कुठून येणार? ह्याला कोणी खोली देऊ नका."

बेत असा ठरला की टी-मार्स जिथून हवा तिथून सुरुवात करेल आणि खेळी सुरू व्हायच्या आत दुसरीकडे जाईल; त्याच्यासाठी कोणाला आत पाठवायचं हे समोरच्यांनी ठरवावं. त्यासाठी त्याला दोन्ही खोल्यांतलं सगळं यायला हवं होतं. दोन्ही खोल्यांचे तास एकाच वेळी असायचे आणि दारं समोरासमोर. म्हणून मधल्या बोळात एक खुर्ची ठेवली आणि दोन्ही दारं उघडी ठेवायची ठरली. स्टेलींची तक्रार एवढीच होती की पेपरमिंटचा वास येतो. आणि मोजायचं काम कायमचं ट्रेगरनी स्वतःकडे घेतलं.

त्या रविवारी संध्याकाळी मी अभ्यासिकेला कुलूप लावत होते. टी-मार्स पायरीवर बसून आईशी बोलत होता. फोनमधून मिस अर्लीनचा आवाज मलाही ऐकू येत होता. बसमधल्या मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज. तिनं सामना रेडिओवर ऐकला होता, नवरा होडीतून पडता पडता वाचला होता, चर्चमध्ये लोकांनी तिचा हात सोडला नव्हता. आणि आता तिला उत्तर हवं होतं, कारण उद्या सकाळी बस निघणार आणि प्रत्येक दारात लोक विचारणार. काय खेळतोस?

टी-मार्सनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जिथे माणूस कमी असेल तिथे, आई."

मग ती हसायला लागली, इतकी की त्यानं फोन कानापासून लांब धरला.

"ते तर तू इथेही खेळायचास," मिस अर्लीन म्हणाली. "मग त्यासाठी एवढं लांब कशाला गेलास?"