रेशनकार्ड आणि टोपी

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात नेपरव्हिलहून शिकागोला जाताना ट्रेनमध्ये एक गोरे म्हातारबुवा रोज माझ्या शेजारी बसायचे. डोक्यावर कायम त्यांच्या गावच्या फुटबॉल टीमची विटलेली टोपी. एका सोमवारी मी उगाच विचारलं, "काल जिंकलात का?"

"मालकानं टीम कधीच दुसऱ्या शहरात नेली," टोपी नीट करत ते म्हणाले. "पण नाव, रंग आणि सगळा जुना इतिहास आम्ही भांडून गावातच ठेवून घेतला. आता टीम नाही, त्यामुळे हरणंही नाही!" आणि खुशीत हसले.

मग म्हणाले, "तुझं काय राहिलंय गावाकडे?"

मी जरा आठवून, रेशनकार्ड म्हणजे घरातल्या सगळ्यांची नावं असलेलं सरकारी कार्ड हे समजावत सांगितलं, "आई रेशनकार्डावरचं माझं नाव अजून काढू देत नाही."

त्यांनी चक्क टोपी काढली. "म्हणजे तुझी आई आमच्याच गावची!"