सरकी क्लबची उधारी

खामगावात माझं झेरॉक्सचं दुकान फुटबॉलच्या मैदानासमोर आहे. त्यामुळे किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. गिऱ्हाईक कागद घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं! मैदान कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मागे आहे, म्हणून आमच्या क्लबचं लांबलचक नाव विसरून सगळे त्याला सरकी क्लब म्हणतात. क्लबकडं कप कमी, उधारी जास्त आणि किस्से सगळ्यात जास्त. यंदाच्या हंगामातले सांगायला बसलो की मात्र माझा जीव अजूनही थाऱ्यावर राहत नाही.

*

हंगामाच्या सुरुवातीला विलायतेतल्या एका बड्या क्लबचे गुण कापले गेले. कारण काय, तर कमाईपेक्षा खर्च जास्त केला! आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप दिवसभर खिदळत होता. आमच्या खेळाडूंना जेवू घालणारा खानावळवाला हिरामण इंगळे, त्यानं तर ठणकावून लिहिलं, "ऐपत नाई तं कायले खेळता बे?"

आठवडा गेला नाही तोच आमच्या लीगच्या कमिटीनं तोच नियम आणला. ज्या क्लबकडं उधारी निघेल, त्याचे तीन गुण वजा. शिवाय त्या क्लबच्या गेटचा, म्हणजे तिकिटांचा, पैसा आधी ज्यांची उधारी आहे त्यांना द्यायचा.

ग्रुपवर पहिला मेसेज हिरामणचाच आला, "खेळात पैसा आनू नये."

*

क्लबचे सेक्रेटरी रफीकभाई टेलर. जर्सीपासून झेंड्यापर्यंत सगळं शिवतात, तेही फुकट. यंदा त्यांनी नागपूरहून एक स्ट्रायकर आणला. राहायला क्लबची खोली, जेवायला हिरामणची खानावळ, पैसे नंतर. पोरानं पहिल्या काही सामन्यांत एकही गोल केला नाही.

मी हिरामणला विचारलं, "कसा आहे रे पोरगा?"

"मैदानात गोल नाई करत भाऊ, पन ताटावर रोज हॅट्ट्रिक हाये!"

हसत सांगत होता. पण किराणावाल्यानं त्याचा माल बंद केला होता, आणि त्याच सकाळी गॅसच्या टाकीसाठी तो माझ्याकडून हातउसने घेऊन गेला होता. खानावळ आज बंद पडते की उद्या, अशी गत. तरी पोराची पोळी त्यानं मोजली नाही. मला रागही यायचा आणि भरूनही यायचं.

*

मग स्ट्रायकरला एकदाची दिशा सापडली. आम्ही मोताळ्याच्या टीमला हरवलं आणि काठावरच्या गुणांनी सेमीफायनलला पोचलो. झालं! त्यांनी तक्रार ठोकली की सरकी क्लब उधारीवर चालतो. तीन गुण गेले असते तर सेमीफायनलही गेली असती.

पुरावा गोळा करायला त्यांचा एक माणूस बाजारात फिरू लागला. खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरून त्यानं शेठजींना विचारलं, "सरकी क्लबकडं तुमची उधारी आहे म्हणे?"

शेठजी भडकले. "कोन म्हनते? पुरावा दाखव!"

"मग चेंडूंचे पैसे मिळाले?"

"नाई मियाले. पन त्याले उधारी नाई म्हनत भाऊ, त्याले भरवसा म्हनते!"

*

सगळ्यात दुखावला तो चहावाला शेषराव. क्लब त्याचे पैसे रोजच्या रोज देत आलेला. एक दिवस तो तावातावानं रफीकभाईंच्या दुकानात गेला.

"सगळ्या गावाची उधारी, अन् मलेच काऊन नगदी? मी परका हावो का?"

रफीकभाईंनी त्याची कशीबशी समजूत घातली. त्या दिवशीचा चहा उधार घेतला, तेव्हा कुठं शेषराव घरी गेला!

*

कमिटीच्या चौकशीची तारीख जवळ आली तसे रफीकभाई अस्वस्थ होत गेले. बसले की उठायचे, उठले की बसायचे. मशीन चालू आणि नजर मैदानाकडं. त्याच गडबडीत त्यांनी एका नवरदेवाच्या शेरवानीच्या पाठीवर चक्क स्ट्रायकरचा नऊ नंबर शिवला!

"चाचा, हे काय?" नवरदेव रडकुंडीला आला.

रफीकभाईंनी चष्मा वर केला, पाठ नीट पाहिली आणि म्हणाले, "निकाहात डावीकडून खेळनार का उजवीकडून?"

*

आणि मग ती चौकशी. हॉल खचाखच भरलेला. एकेक जण उठून सांगू लागला. शेठजींचं काही येणं नाही. माझं झेरॉक्सचंही नाही. शेषराव तर बोलावलं नसताना उठला!

हिरामण सगळ्यांत मोठ्यानं बोलला. "मायं काई घेनं नाई. आज नाई, उद्या नाई, मेल्यावरबी नाई!" टाळ्या पडल्या.

कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. मग तशी नोंद करतो. यापुढं यांच्यापैकी कुणालाही क्लबकडं पैसे मागता येणार नाहीत. मान्य?"

"मान्य!" हिरामण म्हणाला, पण आवाज जरा बसला होता.

अध्यक्षांनी पेन उचललं, तोच रफीकभाई उभे राहिले.

"थांबा साहेब. हे सगळे खोटं बोलून राह्यले. क्लब देनं लागते, सगळ्यायचं लागते. तुमी गुण कापा, अन् गेटच्या पैशातून यायचं देनं द्या."

हॉल पेटला. खुर्च्या आपटल्या. "गद्दार! गद्दार!" स्ट्रायकरनं डोकं धरलं. मीही ओरडत होतो. हिरामण तर खुर्चीवर चढला, डोळ्यांत पाणी, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. "रफीकभाई मुर्दाबाद!"

रफीकभाई त्याच्याकडं वळले.

"हिरामण, घोषना मंग दे. आधी तुये किती, ते साहेबाले सांग."

"एकवीस हजार!" हिरामण त्याच आवाजात ओरडला, "मुर्दाबाद!"