धारेचं दूध आणि डॉक्टरांचं वजन

आमच्या धंद्यात पहिल्यांदा भांडं उपडं करून दाखवायचं. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी आणून बांधायच्या, गिऱ्हाईक समोर उभं राहणार, त्याला चरवी उलटी करून दाखवायची, आत पाण्याचा थेंब नाही, आणि मगच कासेखाली बसून धार काढायची, ताजं दूध तिथंच प्यायला द्यायचं. माझ्या बापानं असंच केलं, मीही जन्मभर असंच केलं. “राहू द्या की मामा, तुमच्यावर विश्वास हाय,” असं कुणी म्हणालं की मला उलट राग यायचा. विश्वास कशाला ठेवतोस? बघ की. बघायला काय जातंय?

म्हणून डॉक्टर लोकांनी ती टूम काढली तेव्हा मी पहिल्या दिवसापासून सावध होतो.

मोबाईल नुकते लोकांच्या खिशात दिसायला लागले होते, ते दिवस. कट्ट्यासमोर एक मोठा फलक लागला. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, अक्षर जुळवत बसलो होतो, तेवढ्यात आमचं रोजचं गिऱ्हाईक असलेला शिंपी आला. त्यानं वाचून सांगितलं. शहरातले डॉक्टर रोज पहाटे रंकाळ्याला पळणार, खाणं आवरणार. दर रविवारी वजन होणार. ज्याचं जेवढं उतरेल त्या हिशेबानं व्यापारी पैसे देणार, आणि त्यातनं गरिबांची ऑपरेशनं फुकट.

“म्हंजे पोट डॉक्टरचं उतरणार, पैसं व्यापारी देणार, आन् कापणार गरिबाला?” मी म्हणालो. “ह्यात डॉक्टरला काय मिळतंय?”

“पुण्य मिळतंय की.”

“पुण्यावर कुणाचा दवाखाना चाललेला मी बघितला न्हाय.”

शिंपी हसला. मी हसलो नाही, कारण माझ्या घरात तेव्हा एक गाठ होती. बायकोच्या गळ्यावर. आधी आवळ्याएवढी, मग लिंबाएवढी, आणि आता भाकरीचा घास उतरताना ती डोळे मिटून घ्यायची. गल्लीतल्या सर्जननं तपासलं आणि सांगितलं, “मामा, ही काढावीच लागेल. काढल्यावर तपासू, मगच कळेल साधी आहे की वाईट. आवाज थोडा बसायचाही धोका असतो. पण थांबू नका. ह्या आमच्या फंडातून मामींचं नाव पहिलं घालतो.”

हे सर्जन लहानपणापासून माझ्या कट्ट्यावर दूध प्यायलेले. पोट सुटलेलं, मान गायब. तेच सगळ्यांत पुढं पळत होते. मी म्हणालो, “बघतो.”

बघतो म्हणजे काय, मला सरळ संशय आला. फुकट म्हटल्यावर शिकाऊ पोरांचा हात बसवायला माझी बायको देणार असतील. नाहीतर पेपरात फोटो छापतील, आम्ही हात जोडून उभे, आणि हे पांढऱ्या बनियनवर हसतायत. मी बायकोला म्हणालो, “धाकटी म्हैस इकतो. रोख मोजून ऑपरेशन करू. कुणाच्या पोटाच्या जिवावर नको.”

ती म्हैस गडहिंग्लजच्या बाजारातून आणलेली, रेडकू असल्यापासून हिनं वाढवलेली. बायको म्हणाली, “तिला इकलासा तर मी दवाखान्याची पायरी चढायची न्हाय. आन् एक सांगा, गाठ माझ्या गळ्यात, मग घास तुमचा का अडकतोय?”

तिचा आवाज असा की गल्लीच्या टोकाला म्हैस कान टवकारायची. त्या आवाजाचीच मला जास्त काळजी होती, पण ते मी तिला सांगितलं नाही.

रविवारी मी रंकाळ्यावर गेलो, लांब उभा राहिलो. डॉक्टर घामाघूम होऊन येत होते, एकेक जण काट्यावर चढत होता. एक डॉक्टर आकडा ओरडून सांगत होता, बाकीचे डॉक्टर टाळ्या वाजवत होते. काटा त्यांचा, वाचणारा त्यांचा, टाळ्याबी त्यांच्याच. बाहेरच्या माणसाला कुणी जवळ बोलावून काटा दाखवला नाही. मी मनात म्हणालो, हे पातळ दूध आहे.

पुढच्या शनिवारी संध्याकाळची गोष्ट. म्हैस पान्हावली होती, दोन गिऱ्हाइकं झाली होती. तिसरा माणूस टोपी नाकापर्यंत ओढून, गळ्याशी मफलर गुंडाळून पलीकडच्या बाजूनं म्हशीच्या आडोशाला उभा राहिला. हळूच म्हणाला, “मोठा ग्लास.”

पोट काही मफलरात गुंडाळता येत नाही. मी लगेच ओळखलं, आमचे सर्जनच.

“पावणं कुठलं म्हणायचं?” मी मोठ्यानं विचारलं.

“हळू बोला की मामा. आठवडाभर नुसती काकडी खातोय. चक्कर यायला लागली.”

मी ग्लास उपडा करून दाखवला, सवयीनं. त्यांनी हात पुढं केला. आणि मी ग्लास तसाच उपडा चरवीवर ठेवून दिला.

“मिळायचं न्हाय.”

“का?”

“उद्या वजन हाय न्हवं तुमचं? हे दूध पिऊन काट्यावर चढणार, आकडा वर जाणार, व्यापारी तेवढं पैसं कमी देणार. माझ्या बायकोच्या गळ्यातलं पैसं तुमी पिणार व्हय? चला, निघा!”

कट्ट्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. शिंपी तर गुडघ्यावर हात मारून हसला. सर्जननी टोपी वर केली.

“म्हणजे मामा, मामींचं ऑपरेशन फंडातून ठरलं म्हणायचं?”

बोललो ते बोललो होतो. पंचवीस माणसांसमोर शब्द मागं घेणारा मी न्हवं. पण मी अट घातली. “माझ्या डोळ्यांसमोर कापायचं. आमी जशी समोर धार काढतो तसं.”

“आत येता येणार नाही, मामा. पण शिकाऊ हात लागणार नाही, मीच करणार. आणि जे काढीन ते बाहेर आणून तुम्हाला दाखवीन. चालंल?”

“आणून दाखवा. मग बघू.”

ऑपरेशनच्या दिवशी आतल्या खोलीच्या दारासमोर मी बसलो नाही, उभाच राहिलो. सर्जन हिरव्या कपड्यात बाहेर आले, हातात स्टीलची वाटी. आत गाठ. मी वाटी दिव्याखाली धरून सगळ्या बाजूंनी बघितली. “सगळी निघाली? आत कायबी ठेवलं न्हाय?”

“काही नाही. आता तपासायला पाठवतो.”

गाठ साधी निघाली. पण ते नंतर कळलं. त्या दिवशी मला एकच ऐकायचं होतं. संध्याकाळी बायको शुद्धीवर आली, गळ्याला पट्टी, डोळे अर्धे उघडे. ओठ हलले, आवाज येईना. मी कान तिच्या तोंडापाशी नेला. घोगरा, पण शब्द कळतील एवढा आवाज आला.

“भांडं उपडं करून बघितलं का न्हाय?”

मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. नळ चालू होता, तोंडावर पाणी मारलं.

सर्जनचं पोट पुढच्या दिवाळीपर्यंत होतं तसं झालं. मोठा ग्लास मी परत द्यायला लागलो, आधी उपडा करून. त्या रविवारच्या काट्यावर मात्र माझा आजही विश्वास नाही.