मास्तरांच्या पँटमधली माया

टेलर मास्तर वर्षातून एकदा नेमाने बारीक होत. दुपारी उकडलेला कोबी, रात्री गरम पाणी आणि दिवसभर गिऱ्हाइकांना त्यावर प्रवचन. पोट आत गेलं की ते आपल्या साऱ्या पँटी मशीनवर घेत, कंबर आवळत आणि शिवणीतलं जादा कापड, म्हणजे माया, कापून टाकत.

“अहो, माया राहू द्या आत दुमडून,” बायको म्हणे.

“म्हणजे मी परत फुगणार, असंच ना? नवऱ्यावर काडीचा विश्वास नाही तुझा!” आणि कात्री कचाकच चाले.

पुढच्या काही महिन्यांत मास्तर जोमाने पूर्ववत होत. मग पँटींना दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडणं आलं, तपकिरीला निळी, काळीला चौकडीची. जगाची मापं चोख बेतणारा हा माणूस स्वतः बँडवाल्यासारखा हिंडे.

यंदाही कोबी फळला. बायकोने आवळलेली पँट उलटून पाहिली, तर माया जागच्या जागी.

“हे काय? हात टेकलेत की काय?”

“छे गं! उद्यापासून तर काकडीही सुरू करतोय,” मास्तर दोरा तोडत म्हणाले. “पण माझ्या भरवशावर चांगलं कापड किती वाया घालवायचं?”

बायकोने कात्री खणात टाकून कुलूप लावलं. न जाणो, मास्तरांचा आत्मविश्वास परत आला तर!