समुद्र लपवायचा रविवार

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी आमच्या घरी समुद्र लपवायचा कार्यक्रम झाला. हो, अख्खा समुद्र... आणि तोही भरतीच्या वेळी.

मी राहते विरारला, मनवेलपाड्यात. माहेर कळंबचं, अगदी समुद्रकाठचं. तिथे घराशेजारी आईच्या दोन खोल्या आहेत, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. बुकिंगचे फोन, चादरी, बोंबलाचं कालवण, सगळं तीच बघते. बाबांनी होडी विकल्यापासून घर त्या खोल्यांवर चालतं आणि आईला त्याचा फार अभिमान आहे.

तर या पावसाळ्यात त्या खोल्यांच्या निळ्या पत्र्यांना गंज चढला. एका जागी तर पार चाळणी... थेट पलंगावर धार. सुट्टीची बुकिंगं तोंडावर आलेली आणि बाबा म्हणायला लागले, राहू दे आता, बंदच करू. त्या दिवशी आईच्या हातचं कालवण खारट झालं, यावरून काय ते समजा.

मी मात्र निवांत होते. पत्र्यांना दहा वर्षांची वॉरंटी होती ना! कंपनीला फोन केला, ते म्हणाले रविवारी माणूस पाठवतो. मग शनिवारी संध्याकाळी माहेरी पोहोचून मी वॉरंटीचा कागद पहिल्यांदाच नीट वाचला. खाली बारीक अक्षरात होतं... समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आत घर असेल तर गंजाची वॉरंटी लागू नाही.

आमच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की वाळू लागते. आता बोला.

हे ऐकून बाबांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. कालपर्यंत खोल्या बंद करायला निघालेला माणूस सकाळी उठून समुद्र झाकायला लागला. गेटवरचा 'सी टच रूम्स'चा बोर्ड पलंगाखाली गेला. वाळत घातलेले बोंबील शेजाऱ्यांकडे गेले. मागच्या दाराला कडी लावून त्यावर चादर टांगली. मीही काही कमी नाही, भिंतीवरचा बाबांचा होडीतला फोटो मीच उतरवला. आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मदत मात्र केली नाही.

राहता राहिला लाटांचा आवाज. त्यावर बाबांनी विहिरीचा पंप चालू केला. म्हणाले, "आता काय ऐकू येनार नाय."

कंपनीचे साहेब आले ते दारात बूट झटकतच. बुटातून मूठभर वाळू पडली. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते शिडी लावून वर चढले, पत्रे तपासले, फोटो काढले... आणि तेवढ्यात पंपाने वरची टाकी भरून वाहायला लागली. साहेब अर्धे भिजून खाली आले. बाबा पंप बंद करायला धावले आणि एकदम शांत झालं. मागून लाटांचा आवाज यायला लागला, अगदी मोकळेपणाने.

आईने टॉवेल दिला, चहा दिला. साहेबांनी मोबाइलवर रिपोर्ट उघडला आणि विचारलं, इथून समुद्र किती लांब? मी बाबांकडे बघितलं, बाबा माझ्याकडे. बाबांनी घसा खाकरला, म्हणजे आता दोन किलोमीटर तरी सांगणार...

तेवढ्यात आई उठली. चादर बाजूला केली, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"साहेब, दर्या हा इथंच हाय. त्याच्याच जिवावर जेवलो आमी, त्याला वळखत नाय कसं म्हनू? पत्रे घेताना तुमची मानसं माप घ्यायला आलेली, ती पन इथंच पोहून गेली. त्यांना अंग पुसायला टॉवेल मीच दिलेला."

मला वाटलं, संपलं. दिवाळी गेली, खोल्या गेल्या. साहेब दारात जाऊन समुद्राकडे बघत राहिले आणि मग हसायलाच लागले.

म्हणाले, "काकू, मी किनाऱ्याच्या रस्त्यानेच आलो. तुम्ही लोक काय सांगता तेच बघत होतो."

मग त्यांनी समजावलं. लांब आहे असं लिहून दिलं असतं, तर खोटी माहिती म्हणून क्लेम जागच्या जागी बाद. पण कंपनीचाच माणूस जागा बघून माप घेऊन गेला होता, म्हणजे घर कुठे आहे हे कंपनीला माहीत होतं. कंपनीनेच किनाऱ्यावर चालणारा, जाड कोटिंगचा पत्रा द्यायला हवा होता. तसाच रिपोर्ट त्यांनी आमच्यासमोर लिहिला.

पुढे बरीच फोनाफोनी झाली, थोडं भांडणही झालं (ते डिपार्टमेंट माझं). पण दिवाळीच्या तोंडावर नवे पत्रे आले, किनाऱ्याचेच. या वेळी बसवायच्या आधी सगळं विचारून घेतलं... गंजाची वॉरंटी वेगळी, रंगाची वेगळी, आणि स्क्रूपाशी गळलं तर ते बसवणाऱ्याकडे. वर्षातून काही वेळा गोड्या पाण्याने पत्रे धुवायचे, नाहीतर पुन्हा बोंब. तुमच्यापैकी कुणी शेड घालणार असाल तर घर नक्की कुठे आहे ते आधी सांगा आणि कागदावर लिहून घ्या.

सुट्टीत दोन्ही खोल्या भरल्या. आई पहाटेपासून ओट्याशी, बाबा पाहुण्यांना मासे ओळखायला शिकवतायत, आणि मला कुणी विचारतही नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...

वॉरंटी वाचायला मी आता शिकले. पण सगळं हातचं जात असताना ते दार उघडायचं मला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी हात धजावला नसता. आई, तुझ्यामुळे खोल्या राहिल्या. थँक यू.