शिंकेआधीची तयारी

दवाखान्यात समोरच्या बाकावरच्या बाईंना शिंक येत होती. त्यांनी आधी पायाला पाय घट्ट अडकवले, बाकाची कड धरली आणि मगच शिंकल्या. ती रीत मी लगेच ओळखली.

"तुमचंही दुसऱ्यांदा?" मी विचारलं.

"हो ना! लघवी धरून ठेवायला ऑपरेशन करून आत जाळीची पट्टी बसवली, तीन वर्षं छान गेली. आता पुन्हा खोकलं की लघवी सुटते. ह्यांना सांगून ठेवलंय, घरात विनोद करायचे नाहीत. तसेही हसण्यासारखे नसतात म्हणा."

मला हसू आलं, आणि हसताहसता मीही पाय आवळले. त्यांनी ते पाहिलं.

एका साध्या शिंकेसाठी बाईने इतकी तयारी करायची? परवा भाचीच्या मंगळागौरीत सगळ्या मला फुगडीला ओढत होत्या. "गुडघे दुखतात," असं सांगून मी स्वयंपाकघरात वाट्या पुसत बसले. गुडघे ठणठणीत आहेत. बाहेर पायांचा ठेका वाढत होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसऱ्या ऑपरेशनला पहिल्याइतकी खात्री देता येत नाही. मी साधा कुकर घेतानाही चार दुकानांत भाव विचारणारी. इतक्या मोघम बोलण्यावर अंग कसं कापू द्यायचं? महिनाभर हेच घोळतंय.

"करणार का मग?" बाईंनी विचारलं.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात नाव पुकारलं. आत गेले आणि खुर्चीत बसायच्या आधीच ऑपरेशनची तारीख मागितली.